ग्रोथ फॅक्टर आणि डीएनएमधले जपलेले क्रम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कशाबद्दल आहे?

पेशीला बाहेरून वाढीचा संदेश, म्हणजे ग्रोथ फॅक्टर, मिळाला की काही मिनिटांत ठराविक जनुकं चालू होतात आणि बाकीची हजारो ढिम्म राहतात. कुठली चालू व्हायची हे त्या जनुकांच्या आसपासच्या डीएनएतले छोटे छोटे क्रम ठरवतात. यातले काही क्रम माणूस, उंदीर आणि बेडूक अशा दूरदूरच्या प्राण्यांत जवळपास जसेच्या तसे सापडतात. इथे सगळा पसारा मांडण्यापेक्षा एकच जनुक धरून बोलू या. त्याचं नाव सी-फॉस. या विषयातलं बरंचसं मूलभूत ज्ञान त्याच्यावरच्या कामातून आलं आहे. बारावीचं जीवशास्त्र थोडंफार आठवत असेल तर पुढचं सगळं समजेल.

ग्रोथ फॅक्टर स्वतः जाऊन जनुक चालू करतो का?

नाही. बहुतेक ग्रोथ फॅक्टर ही प्रथिनं असतात. ती पेशीच्या बाहेरच्या पटलावरच्या ग्राहक प्रथिनाला चिकटतात आणि पुढचा निरोप आतली प्रथिनं एकमेकांना देतात. डीएनएशी ग्रोथ फॅक्टरचा थेट संबंध सहसा येत नाही.

एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, म्हणजे ईजीएफ, हे ५३ अमिनो आम्लांचं छोटंसं प्रथिन आहे. ते स्टॅन्ली कोहेन यांनी शोधलं. नर्व्ह ग्रोथ फॅक्टर शोधणाऱ्या रीटा लेव्ही-मोन्टाल्चिनी यांच्यासोबत त्यांना १९८६ चं नोबेल मिळालं. तिसरा महत्त्वाचा म्हणजे प्लेटलेट-डिराइव्ह्ड ग्रोथ फॅक्टर, पीडीजीएफ. तो रक्तातल्या प्लेटलेटमध्ये साठवलेला असतो आणि रक्त गोठताना बाहेर पडतो. म्हणूनच प्लाझ्मावर पेशी नीट वाढत नाहीत, पण सीरमवर वाढतात, कारण सीरम गोठलेल्या रक्तातून निघतं. पुण्यात सीरम म्हटलं की लस आठवते. या पानावर मात्र सीरम म्हणजे पेशींना घालायचं, ग्रोथ फॅक्टरांनी भरलेलं द्रव.

जपलेला क्रम म्हणजे काय?

माणूस आणि उंदीर यांच्या वाटा साधारण ८ ते ९ कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. एवढ्या काळात डीएनएच्या ज्या भागाला काहीच काम नाही तिथली अक्षरं बदलत जातात आणि दोघांची जुळणी विस्कटते. एखादा तुकडा मात्र दोघांत सारखाच उरला असेल, तर त्यात बदल झालेले जीव मागे पडले असावेत असा तर्क करता येतो. प्रथिनाची माहिती देणाऱ्या भागात अशी जुळणी अपेक्षितच असते. जनुकाच्या आधीच्या भागात, जिथून एकही प्रथिन तयार होत नाही, तिथे ती दिसली की संशोधकांचे कान टवकारतात.

मात्र हा तर्कच आहे, पुरावा नव्हे. क्रम जपला गेला म्हणजे इथे शोधा एवढीच सूचना मिळाली. तो काय करतो हे कळायला तो बिघडवूनच पाहावा लागतो. बऱ्याच पाठ्यपुस्तकांत ही दुसरी पायरी एका ओळीत उरकलेली असते.

सी-फॉसच का निवडलं?

त्याच्या वेगामुळे. १९८४ साली मायकेल ग्रीनबर्ग आणि एडवर्ड झिफ यांनी उपाशी ठेवलेल्या, म्हणजे जेमतेम सीरमवर निपचित पडून असलेल्या उंदराच्या ३टी३ पेशींना ग्रोथ फॅक्टर दिले. काही मिनिटांतच सी-फॉसचं ट्रान्स्क्रिप्शन १५ पटींहून अधिक वाढलं आणि अर्ध्या तासाच्या आसपास ते पुन्हा खाली आलं. तोवर जनुकं अशी झटक्यात चालू-बंद होतात ही कल्पना प्रामुख्याने जीवाणूंपुरतीच होती.

पेशीला नवी प्रथिनं बनवू न देणारं सायक्लोहेक्झिमाइड घातलं तरी सी-फॉस चालू होतंच. याचा अर्थ संदेश पोचवणारी आणि जनुक चालू करणारी सगळी यंत्रणा पेशीत आधीपासून तयार असते. अशा जनुकांना इमिजिएट अर्ली जनुकं म्हणतात.

जनुकाचं नाव उंदरांत हाडाचा कर्करोग करणाऱ्या एफबीजे विषाणूवरून आलं. विषाणूतलं फॉस हे मुळात पेशीतूनच उचललेलं. ही जनुकं वेगळी काढून त्यांचा क्रम वाचण्याच्या कामात पंजाबमध्ये जन्मलेले इंदर वर्मा यांच्या सॉल्क इन्स्टिट्यूटमधल्या गटाचा मोठा वाटा होता. सी-फॉससारखंच झटपट चालू होणारं दुसरं जनुक म्हणजे ईजीआर-१. ते शोधणाऱ्या गटांपैकी एकाच्या प्रमुखाचं नाव मराठी वाचकाला लगेच ओळखीचं वाटेल: विकास सुखात्मे. या जनुकाच्या आधीच्या भागातही सी-फॉससारखेच क्रम आहेत, आणि ते एकापेक्षा जास्त आहेत.

तो क्रम सापडला कसा?

१९८५ साली केंब्रिजमध्ये रिचर्ड ट्रीझमन यांनी माणसाचं सी-फॉस जनुक उंदराच्या पेशींत घातलं. या निवडीत एक सोय होती. माणसाच्या जनुकाचा आरएनए आणि उंदराच्या स्वतःच्या जनुकाचा आरएनए वेगवेगळे ओळखता येतात, त्यामुळे एकाच थाळीत उंदराचं जनुक आपोआप तुलनेला मिळतं. आणि माणसाचं जनुक उंदराच्या पेशीत सीरमला प्रतिसाद देतं, यातच अर्धं उत्तर आलं: क्रम वाचणारी यंत्रणा दोघांची एकच आहे.

मग त्यांनी जनुकाच्या आधीचा डीएनए टोकाकडून थोडा थोडा कापायला सुरुवात केली. ट्रान्स्क्रिप्शन जिथे सुरू होतं तिथून मागे मोजत ३३२ व्या अक्षरापर्यंतचा भाग ठेवला तर जनुक सीरमला प्रतिसाद देई. २७६ पर्यंत कापलं की प्रतिसाद संपे. म्हणजे जे काही होतं ते या ५७ अक्षरांच्या पट्ट्यात होतं, आणि हाच पट्टा माणूस आणि उंदीर यांच्यात चांगला जपलेला होता. पुढच्या वर्षी त्यातल्या सुमारे २० अक्षरांवर एक प्रथिन बसतं हे दिसलं. १९८६ सालातच गिलमन, विल्सन आणि वाइनबर्ग यांनी, तसंच प्राइव्ज आणि रोडर यांनी याच भागावर प्रथिनं बसत असल्याचं दाखवलं. या क्रमाला सीरम रिस्पॉन्स एलिमेंट म्हणतात, थोडक्यात एसआरई.

१९८७ मध्ये आणखी एक गंमत पुढे आली. आफ्रिकन बेडकाच्या ॲक्टिन जनुकाच्या आधीच्या भागात आणि माणसाच्या सी-फॉसच्या आधीच्या भागात तेच प्रथिन बसणारा क्रम आहे. बेडकाची आणि आपली वाट वेगळी होऊन सुमारे ३५ कोटी वर्षं झाली. शिवाय ही दोन जनुकं एकमेकांची नातलगही नाहीत.

प्रत्यक्षात तो क्रम दिसतो कसा?

सी-फॉसच्या एसआरईचा गाभा १० अक्षरांचा आहे: सी-सी-ए-टी-ए-टी-टी-ए-जी-जी. सुरुवातीला दोन सी, शेवटी दोन जी आणि मध्ये सहा अक्षरं, ती फक्त ए किंवा टी. या नमुन्याला कार्ग बॉक्स म्हणतात.

गाभ्याच्या दोन्ही बाजू पाहिल्या तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. २० अक्षरांच्या पट्ट्याची सुरुवात जी-ए-टी-जी-टी-सी-सी अशी आणि शेवट जी-जी-ए-सी-ए-टी-सी असा आहे. एक धागा डावीकडून वाचा आणि समोरचा धागा उजवीकडून वाचा. टोकाची सात अक्षरं सारखीच येतात. असा दुतर्फा सारखा क्रम दिसला की त्यावर दोन सारख्या प्रथिनांची जोडी बसत असावी असा अंदाज बांधतात. इथे तो बरोबर निघाला.

पट्ट्याच्या डाव्या टोकाला, थोडा पट्ट्यातच शिरलेला, जी-जी-ए-टी असा छोटा तुकडा आहे. त्याच्याकडे सुरुवातीला फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. पुढच्या सगळ्या गोष्टीचा तो नायक आहे.

असे कार्ग बॉक्स आपल्या डीएनएत किती असतील?

हिशोब करून पाहण्यासारखा आहे. मधल्या सहा जागी प्रत्येकी दोन पर्याय, म्हणजे नमुन्याची ६४ रूपं. दहा अक्षरांचे एकूण क्रम ४ चा दहावा घात, म्हणजे १०,४८,५७६. भागाकार केला तर दर १६,३८४ अक्षरांमागे एक. माणसाच्या सुमारे ३१० कोटी अक्षरांत निव्वळ योगायोगाने १ लाख ९० हजारांच्या घरात कार्ग बॉक्स पडतील. (चारही अक्षरं सारख्या प्रमाणात आहेत असं इथे धरलंय, जे तंतोतंत खरं नाही, पण आकड्याची पट्टी कळते.)

शिवाय एखादं अक्षर चुकलं तरी बऱ्याचदा प्रथिन बसतंच. टोकाच्या चार जागांपैकी एक चुकली तर ७६८ रूपं, मधल्या सहांपैकी एक चुकली तर ३८४, आणि मूळ ६४ धरून एकूण १,२१६.

आपली जनुकं सुमारे २० हजार. तेव्हा नुसता कार्ग बॉक्स सापडला म्हणून जनुक सीरमला प्रतिसाद देतं असं म्हणण्यात काही अर्थ नाही. त्यातले बहुतेक नुसते पडून असतात. कामाचे ओळखायला तीन गोष्टी बघतात: तो इतर प्राण्यांतही त्याच जागी आहे का, जनुकाच्या जवळ आहे का, आणि तिथला डीएनए पेशीत उघडा आहे की गुंडाळून ठेवलेला आहे. जपलेपणाचा खरा उपयोग या गाळणीत होतो.

त्यावर बसणारं प्रथिन कोणतं?

सीरम रिस्पॉन्स फॅक्टर, एसआरएफ. त्याचं जनुक १९८८ मध्ये वेगळं काढलं गेलं. माणसाचं एसआरएफ ५०८ अमिनो आम्लांचं असतं आणि दोन रेणूंची जोडी मिळून कार्ग बॉक्सवर बसते. डीएनएवर बसलेल्या एसआरएफची स्फटिकरचना १९९५ साली प्रसिद्ध झाली. तिथे डीएनए सरळ न राहता प्रथिनाभोवती चांगलाच वाकलेला दिसतो.

एसआरएफचा डीएनए पकडणारा भाग यीस्टच्या एमसीएम-१ मध्ये आहे आणि फुलाचे भाग ठरवणाऱ्या वनस्पतींच्या प्रथिनांतही आहे: मोहरीच्या कुळातल्या अराबिडॉप्सिसचं अगॅमस आणि स्नॅपड्रॅगनचं डेफिसिएन्स. या चौघांच्या आद्याक्षरांवरून त्या भागाला मॅड्स बॉक्स नाव पडलं. उंदरांतून एसआरएफचं जनुक काढून टाकलं, तर भ्रूणात मधला थर, मेसोडर्म, तयारच होत नाही आणि भ्रूण मरतो.

एसआरएफ तर आधीपासून बसलेलं असतं असं वाचलं. मग ग्रोथ फॅक्टर आल्यावर नेमकं काय बदलतं?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि तो योग्यच आहे.

सुरुवातीला लोकांना वाटलं होतं की ग्रोथ फॅक्टर आला की प्रथिन येऊन बसतं आणि जनुक चालू होतं. टेस्ट ट्यूबमधल्या काही प्रयोगांत ईजीएफ दिल्यावर प्रथिनाचं बसणं वाढलेलं दिसलंही. पण १९८९ साली हेरेरा, शॉ आणि नॉर्डहाइम यांनी जिवंत पेशीतच पाहिलं. ए४३१ या पेशींवर ईजीएफचे ग्राहक भरपूर असतात. त्यांना ईजीएफ देण्याआधी आणि दिल्यानंतर एसआरईवर प्रथिनांनी झाकलेली अक्षरं तीच होती. जनुक बंद असतानाही जागा भरलेली होती!

उत्तर त्या जी-जी-ए-टी मध्ये होतं. एसआरएफच्या शेजारी दुसरं एक प्रथिन बसतं. त्याला टर्नरी कॉम्प्लेक्स फॅक्टर (टीसीएफ) म्हणतात, कारण डीएनए, एसआरएफ आणि ते असा तिघांचा संघ तयार होतो. या गटात तीन भावंडं आहेत: एल्क-१, सॅप-१ आणि नेट. सी-फॉसच्या एसआरईवर ते एकट्याने बसू शकत नाही. एसआरएफचा आधार आणि शेजारची चार अक्षरं, दोन्ही लागतात. बँकेच्या लॉकरला दोन चाव्या असतात तसं काहीसं: बँकेची एक, खातेदाराची एक, आणि एकट्या चावीने दार उघडत नाही.

आता संदेशाचा रस्ता पाहू. ईजीएफ चिकटला की त्याचे दोन ग्राहक एकत्र येतात आणि एकमेकांच्या शेपटीवर फॉस्फेट लावतात. त्या फॉस्फेटला जीआरबी-२ चिकटतं, ते सॉसला पटलापाशी आणतं, सॉस मग रासला जीडीपी सोडून जीटीपी घ्यायला लावतं. पुढे राफ, मेक आणि अर्क ही एकापाठोपाठ एक फॉस्फेट लावणारी विकरं. अर्क केंद्रकात जातं आणि एल्क-१ वर, विशेषतः ३८३ व्या सेरीनवर, फॉस्फेट लावतं. आता एल्क-१ मीडिएटर या मोठ्या संकुलाच्या मेड-२३ या भागाला पकडू शकतं, आणि त्यातून आरएनए पॉलिमरेज कामाला लागतं. पटलापासून इथवर सगळं काही मिनिटांत उरकतं.

थोडक्यात, डीएनएवरची वस्ती बदलत नाही. वस्तीतल्या एकावर फॉस्फेट चढतं. जपलेला क्रम हा संदेश स्वतः ओळखत नाही, संदेश ओळखू शकणाऱ्या प्रथिनांना तो आधीपासून जागेवर धरून ठेवतो.

मग कार्ग बॉक्स स्नायूंच्या जनुकांत का आढळतो? स्नायू तयार होताना पेशी वाढायची थांबते ना?

हो, आणि म्हणूनच हा भाग मला सगळ्यांत रंजक वाटतो. कार्ग बॉक्स हा नमुना १९८६ मध्ये माणसाच्या हृदयातल्या ॲक्टिन जनुकाच्या अभ्यासातूनही स्वतंत्रपणे पुढे आला होता. त्याच क्रमावर, त्याच एसआरएफच्या मदतीने, एकीकडे वाढीची जनुकं चालतात आणि दुसरीकडे स्नायूची. फरक पडतो तो जोडीदाराने.

स्नायूंच्या बाबतीत जोडीदार म्हणजे मायोकार्डिन आणि त्याची भावंडं, एमआरटीएफ. एमआरटीएफवर नियंत्रण चक्क ॲक्टिनचं असतं. पेशीतलं सुटं ॲक्टिन एमआरटीएफला धरून ठेवतं. सीरमने ऱ्हो हे प्रथिन जागं झालं की सुटं ॲक्टिन तंतूंमध्ये गुंफलं जातं, एमआरटीएफ मोकळं होतं, केंद्रकात जातं आणि एसआरएफला भेटतं. ऱ्होचा हा रस्ता अर्कपेक्षा वेगळा आहे हे १९९५ मध्ये दिसलं, आणि ॲक्टिनचा हा भाग ट्रीझमन यांच्याच गटाने २००३ मध्ये उलगडला. ॲक्टिन बनवणाऱ्या जनुकांवर कार्ग बॉक्स आहे हेही लक्षात घ्या. म्हणजे ॲक्टिन कमी पडलं की त्याची खबर त्याच्याच जनुकाला जाते.

रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या गुळगुळीत स्नायूपेशींत हे दोन जोडीदार समोरासमोर येतात. तिथे मायोकार्डिन आणि एल्क-१ एसआरएफच्या एकाच जागेवर दावा करतात. २००४ मध्ये दाखवलं गेलं की पीडीजीएफ आला की फॉस्फेट लागलेलं एल्क-१ मायोकार्डिनला बाजूला सारतं. परिणाम असा की स्नायूची जनुकं मंदावतात आणि पेशी वाढीकडे वळते. ग्रोथ फॅक्टर जनुकं चालूच करतो असं नाही. त्याच क्रमावरून तो बंदही करतो.

चालू झालेलं सी-फॉस बंद कसं होतं?

तीन-चार वाटांनी. अर्कवरचं आणि एल्क-१ वरचं फॉस्फेट काढून टाकणारी विकरं असतात. फॉस प्रथिन स्वतःच्याच जनुकाला दाबतं. शिवाय एमआरएनएच्या शेवटी ए आणि यू अक्षरांनी भरलेला एक तुकडा आहे, त्यामुळे तो आरएनए काही मिनिटांतच तुटतो. हा तुकडाही जपलेला आहे, आणि ट्रीझमन यांच्या १९८५ च्या कामात त्याचंही महत्त्व दिसलं होतं. कर्करोग करणाऱ्या विषाणूच्या फॉसमध्ये नेमका हा शेवट गायब आहे. सायक्लोहेक्झिमाइड दिल्यावर सी-फॉस नुसतं चालू होत नाही तर वाजवीपेक्षा जास्त वेळ चालू राहतं, याचंही कारण हेच: बंद करणारी यंत्रणा नव्या प्रथिनांवर अवलंबून असते.

सगळे ग्रोथ फॅक्टर एसआरईच वापरतात का?

नाही. सी-फॉसच्या आधीच्याच भागात आणखी क्रम आहेत. साधारण ३४५ अक्षरं मागे एसआयई आहे, तिथे स्टॅट प्रथिनं बसतात. साधारण ६० अक्षरं मागे सीआरई आहे, तिथे सीआरईबी बसतं आणि ते कॅल्शियम व सायक्लिक एएमपीचे निरोप ऐकतं. टीजीएफ-बीटाचे निरोप दुसऱ्या जनुकांवर स्मॅड प्रथिनांमार्फत जातात. फॉस आणि जुन नावाचं दुसरं प्रथिन मिळून टी-जी-ए-सी-टी-सी-ए या क्रमावर बसतात आणि पुढची जनुकं चालू करतात.

थाळीतल्या पेशींत यातला एकेक क्रम सुटा काम करताना दिसतो. जिवंत उंदरात तसं नाही. १९९५ मध्ये सी-फॉसच्या नियंत्रक भागातला एकेक क्रम बिघडवलेले उंदीर तयार केले, तेव्हा कुठलाही एक बिघडला तरी सगळाच प्रतिसाद कोलमडला. थाळीवरचे निष्कर्ष प्राण्यावर लावताना हे विसरू नये.

मेंदूच्या संशोधनात सी-फॉसचं नाव येतं ते हेच का?

हेच. चेतापेशी सक्रिय झाली की कॅल्शियम आत येतं आणि सी-फॉस चालू होतं. कुठल्या पेशी नुकत्या जाग्या होत्या हे ओळखायला संशोधक फॉस प्रथिन रंगवतात. चेतापेशींत जनुकापासून दूर असलेले एन्हान्सर, म्हणजे दुरून चालना देणारे क्रमही यात भाग घेतात.

जपलेला क्रम म्हणजे हमखास महत्त्वाचा, असं म्हणता येईल का?

दोन्ही बाजूंनी सावध राहायला हवं.

२००४ मध्ये माणूस, उंदीर आणि घूस-कुळातला रॅट या तिघांत २०० अक्षरांहून लांब आणि शंभर टक्के सारखे असे ४८१ तुकडे सापडले. त्यांना अल्ट्राकन्झर्व्ह्ड म्हणतात. असे तुकडे काढले तर प्राणी जगणारच नाही असं सगळ्यांना वाटलं. २००७ मध्ये त्यातले चार वेगवेगळ्या उंदरांतून काढून टाकले, आणि उंदीर व्यवस्थित जगले, त्यांना पिल्लंही झाली. बरीच खळबळ उडाली. पुढे २०१८ मध्ये अशाच काही तुकड्यांवर अधिक बारकाईने काम झालं तेव्हा उंदरांच्या मेंदूत दोष दिसले. पिंजऱ्यात दाणापाणी मिळणाऱ्या उंदराला जे चालतं ते शेतातल्या उंदराला लाखो पिढ्या चालेलच असं नाही.

उलटंही घडतं. काही नियंत्रक क्रम काम करतात, पण दुसऱ्या प्राण्यात त्याच जागी सापडत नाहीत. तिथे ते थोडं पुढे किंवा मागे नव्याने तयार झालेले असतात. म्हणून जपलेले नाहीत ते बिनकामाचे असंही म्हणता येत नाही. माझं मत विचाराल तर एखाद्या लेखात नुसत्या जुळणीवरून काम ठरवलं असेल, तर पुढचं वाचताना हात आखडता ठेवावा.

शोधताना एसआरई टाकलं की कोलेस्टेरॉलविषयी माहिती येते. का?

स्टेरॉल रेग्युलेटरी एलिमेंटचं लघुरूपही तेच आहे. त्याचा इथे काही संबंध नाही. टीसीएफचंही असंच, विंट संदेशमार्गातलं टीसीएफ वेगळं. शोधताना सोबत एसआरएफ किंवा सी-फॉस लिहा.

याचा कर्करोगाशी काय संबंध?

रास किंवा राफ बिघडले की ग्रोथ फॅक्टर नसतानाही अर्क चालूच राहतं आणि एसआरईला वाढीचा निरोप मिळत राहतो. म्हणजे क्रम ठीक असतो, निरोप खोटा असतो. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात सुमारे निम्म्या रुग्णांत बी-राफमध्ये बिघाड असतो. त्यावरचं वेमुराफेनिब हे औषध २०११ मध्ये आणि मेकला रोखणारं ट्रामेटिनिब २०१३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं.

पीआरपी आणि ग्रोथ फॅक्टरची क्रीमं हेच करतात का?

पीआरपी म्हणजे प्लेटलेट जास्त असलेला प्लाझ्मा. त्यात पीडीजीएफ असतो, आणि तो पेशींपर्यंत पोचला तर वर सांगितलेला रस्ता चालू होतो. एवढं खरं. पण तासाभरात विझणारं सी-फॉस चालू होणं आणि टक्कलावर केस येणं यांत बरीच मोठी दरी आहे. क्रीमची गोष्ट त्याहून पुढची: प्रथिनं हे मोठे रेणू असतात आणि धडधाकट त्वचेतून त्यांना आत शिरणं अवघड असतं. उपचाराचा निर्णय त्वचारोगतज्ज्ञाशी बोलून घ्या, डब्यावरच्या शब्दांवरून नको.

एमएस्सीच्या प्रकल्पात हा प्रयोग करता येईल का?

येईल, आणि तो फार महागही नाही. पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातून संस्थेमार्फत मागवता येतात. पेशी एक दिवस ०.५ टक्के सीरमवर ठेवा, मग १५ ते २० टक्के सीरम द्या आणि ०, १५, ३०, ६०, १२० मिनिटांना आरएनए काढा. सी-फॉसचा एमआरएनए ३० ते ६० मिनिटांच्या सुमारास शिखरावर असतो.

सर्वांत जास्त घोळ शून्य मिनिटाच्या थाळीत होतो. थाळी हलवली, गार झाली, नुसतं माध्यम बदललं तरी सी-फॉस थोडंफार चालू होऊ शकतं. म्हणून सीरम वेगळ्या माध्यमातून न देता थाळीतच थोड्या आकारमानात मिसळा, आणि तुलनेच्या थाळीत तेवढंच सीरमविरहित माध्यम तशाच हाताने घाला. वेळा उलट्या लावा: १२० मिनिटांच्या थाळीला आधी सीरम द्या, म्हणजे सगळ्या थाळ्या एकाच वेळी उचलता येतात.

क्रमाचं काम दाखवायचं असेल तर ल्युसिफरेजच्या (प्रकाश देणाऱ्या विकराच्या) जनुकाआधी एसआरई जोडलेले तीन प्लाझ्मिड घ्या: एक मूळ, एकात कार्ग बॉक्स बिघडवलेला, एकात फक्त जी-जी-ए-टी बिघडवलेला. तिसरा विसरू नका. एल्क-१ चा वाटा किती आणि ऱ्होकडून येणारा किती, हे त्याच्याशिवाय वेगळं करता येणार नाही. जोडीला मेक रोखणारं औषध दिलेली एक थाळी ठेवली तर उत्तर आणखी स्पष्ट होतं.

प्रयोगशाळा नसेल तर हा क्रम घरबसल्या पाहता येईल का?

येईल. सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा यूसीएससी जीनोम ब्राउझर मोफत आहे. माणसाचा जीनोम निवडून एफओएस शोधा. जनुक १४ व्या गुणसूत्रावर आहे. जपलेपणाचा आलेख दाखवणारा ट्रॅक चालू करा आणि जनुकाच्या सुरुवातीपासून डावीकडे सुमारे ४०० अक्षरं दिसतील एवढं जवळ जा. साधारण ३०० अक्षरं मागे आलेख वर उठलेला दिसेल. आणखी जवळ गेलं की अक्षरं वाचता येतात: आधी जी-जी-ए-टी, मग कार्ग बॉक्स. खाली इतर प्राण्यांच्या ओळी चालू केल्या तर कुठल्या अक्षरापाशी जुळणी तुटते ते एकेक करून बघता येतं. ईजीआर-१ साठीही हेच करून पाहा. तिथे असे क्रम किती, ते स्वतः मोजण्यात मजा आहे.